अनुदानाचा वार्षिक जाब



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, वसंतातल्या संध्याकाळी ऐकावे असे ह्यात काय आहे? सरकारने संशोधनासाठी पैसे दिले, घेणाऱ्याने वर्षअखेर अहवाल धाडला, कारकुनाने तो फायलीला लावला, संपले! ह्यात इतिहास कोणता? शंका रास्त आहे. परंतु पेण आणि रोहा ह्या दोन गावांच्या लोकांनी तरी हा विषय परका मानू नये. संशोधनासाठी केंद्र सरकारचा पैसा वाटणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षपदावर आपल्या रोह्याचे एक सुपुत्र बसले होते. वर्षानुवर्षे नेमाने नोंदी ठेवणारी एक जुनी वेधशाळा आपल्याच जिल्ह्यात अलिबागेस आहे. आणि वर्षअखेरीस असा अहवाल ज्यांना लिहावा लागतो असे अध्यापक पेण-रोह्याच्या महाविद्यालयांतून आपल्या मुलांना शिकवीत आहेत. शिवाय पैसा शेवटी कोणाचा? आपलाच. तेव्हा त्याचा जाब कसा मागितला गेला आणि कसा दिला गेला, हे जाणून घेण्याचा अधिकारही आपलाच.

प्रथम आपल्या जुन्या वहिवाटीकडे पाहू. हिशोब मागणे ही गोष्ट आम्ही इंग्रजांपासून शिकलो, असा एक समज आहे. तो खरा नाही. पेशवाईत मामलेदाराला आपल्या महालाच्या जमाखर्चाचा अंदाज ठरवून मिळे, आणि वर्षअखेर त्याला हिशोब हुजुरात रुजू करावा लागे. त्याच्यावर नजर ठेवायला फडणीस, मुजुमदार असे दरकदार असत. म्हणजे खर्चाचा जाब आमच्या हाडीमाशी मुरलेला होता. पण विद्येला दिलेल्या पैशाची गोष्ट निराळी होती. श्रावणमासात पुण्यास जी दक्षिणा वाटली जाई, तिची सुरुवात तळेगावच्या दाभाड्यांकडून झाली आणि पुढे ती पेशव्यांनी चालविली. तेथे ब्राह्मणाची परीक्षा होई, ती दक्षिणा हाती पडण्यापूर्वी. वेद किती येतो, शास्त्र कोणते पढला आहे, हे पाहून रक्कम ठरे. एकदा रक्कम पदरात पडली की ह्या वर्षात नवे काय केलेस, हे कोणी विचारीत नसे. दक्षिणा ही झालेल्या विद्येचा सन्मान होती. होणाऱ्या विद्येची तरतूद नव्हती.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी ही दक्षिणा एकाएकी बंद केली नाही. वर्षाला ५०,००० रुपयांची तरतूद ठेवून तिच्यातील काही भागातून १८२१ साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ह्याच पैशातून मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली आणि ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे अशा फेलोंपैकीच एक. येथे दानाचे रूप पालटले. पूर्वी पैसा ज्ञानवंताला मिळत होता. आता तो कामाला मिळू लागला. आणि पैसा कामाला मिळाला की काम कुठवर आले हा प्रश्न पाठोपाठ येणारच. वार्षिक अहवालाचा जन्म ह्या एका बदलात आहे.

ह्या अहवालाचे आपल्याकडचे एक फार चांगले उदाहरण त्याच भांडारकरांच्या हातचे आहे. १८६८ साली हिंदुस्थान सरकारने जुन्या संस्कृत हस्तलिखितांचा शोध घेण्याची योजना सुरू केली. लाहोरच्या पंडित राधाकृष्ण ह्यांनी व्हाइसरॉयला लिहिलेले पत्र त्याला निमित्त झाले. साऱ्या देशासाठी मिळून दरसाल २४,००० रुपये मंजूर झाले. हस्तलिखिते कोठे आहेत त्यांच्या याद्या करायच्या, विकत मिळतील ती घ्यायची, मिळणार नाहीत त्यांच्या नकला करवायच्या, असे कामाचे स्वरूप होते. आजच्या भाषेत सांगायचे तर हे केंद्र सरकारचे संशोधन-अनुदानच. मुंबई इलाख्यात हे काम प्रथम ब्यूलर आणि कीलहॉर्न ह्या जर्मन पंडितांनी केले. त्यानंतर पीटर्सन आणि भांडारकर ह्यांच्याकडे ते आले. घेतलेल्या पैशात ह्या वर्षी काय मिळविले, ह्याचा अहवाल सरकारला सादर करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती.

भांडारकरांचा १८८२-८३ चा अहवाल १८८४ साली छापला गेला. १८८३-८४ चा छापून यायला १८८७ उजाडले. त्यानंतरच्या तीन वर्षांचा मिळून एकच अहवाल १८९४ मध्ये निघाला, आणि १८८७ ते १८९१ ह्या वर्षांचा १८९७ मध्ये. आजच्या एखाद्या अवर सचिवाने हे पाहिले असते, तर पुढचा हप्ता खास अडवून धरला असता! पण हे अहवाल उघडून पाहा. किती पोथ्या घेतल्या आणि किती रुपये पडले, एवढे सांगून ते थांबत नाहीत. पोथीचा कर्ता कोण, त्याचा काळ कोणता, तो कोणाचा उल्लेख करतो, पंथांचा इतिहास त्यावरून कसा उलगडतो, ह्याची चर्चा पानोपान चालते. वैष्णव आणि जैन पंथांविषयी त्यांत जे लिहिले आहे ते पुढच्या अभ्यासकांनी ग्रंथासारखे वाचले. सरकारला द्यायचा जाब त्यांनी विद्येलाच दिला.

ह्यातली एक गंमत सांगण्याजोगी आहे. ही सरकारी हस्तलिखिते पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहिली आणि १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यावर १९१८ मध्ये त्याच्या स्वाधीन झाली. आजही त्यातील पोथीचा उल्लेख करायचा तर तिचा क्रमांक आणि खरेदीचे वर्ष सांगावे लागते: अमुक क्रमांक, १८८३-८४ सालातला. म्हणजे ज्या वर्षाच्या हिशोबात ती पोथी पडली, ते वर्ष हाच तिचा कायमचा पत्ता झाला. ह्याच संग्रहात ब्यूलरने १८७५-७६ मध्ये काश्मीरहून आणलेली भूर्जपत्रावरची ऋग्वेदाची पोथी आहे. आणि संशोधन मंदिरातील ऋग्वेदाच्या हस्तलिखितांना २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात स्थान मिळाले. कारकुनी वाटणारी नोंद किती दूरवर पोचते, पाहा.

आता पुण्याहून घाट उतरून आपल्या जिल्ह्यात येऊ. अलिबागची वेधशाळा आपण वाटेवरून जाताना पाहिली असेल. तिचे मूळ घर मुंबईच्या कुलाब्याला. तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे १८४१ पासून घेतली जात होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची बिथरते. तेव्हा वेधशाळा हलविणे भाग पडले. संचालक नानाभाई फ्रामजी मूस ह्यांनी अलिबागची जागा निवडली. लोहाचा अंश नसलेला पोरबंदरी दगड निवडून घेऊन इमारत उभी केली आणि १९०४ मध्ये तेथे काम सुरू झाले. मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात आली, हा नावाचा योग मोठा मौजेचा! पण मूस घाईने मोकळे झाले नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे त्यांनी दोन्ही ठिकाणी निरीक्षणे चालू ठेवली, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे एका सूत्रात ओवता यावेत. आणि १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या साठ वर्षांच्या नोंदींचा मेळ घालून १९१० मध्ये त्यांनी दोन जाड खंड प्रसिद्ध केले.

हे अनुदान नव्हते, सरकारी खात्याचा खर्च होता, हे मला मान्य आहे. पण ते आकडे वर्षानुवर्षे कोण वाचीत होते? त्या काळच्या एखाद्या व्यवहारी गृहस्थाने विचारले असते की, सुई आज किती हलली ह्यावर सरकारने पैसा का उधळावा, तर त्याला पटेलसे उत्तर देणे कठीणच होते. उत्तर मिळायला फार काळ जावा लागला. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावर मोठा उद्रेक झाला आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. त्या दिवशी कुलाब्याचा निरीक्षक आपल्या जागेवर होता आणि त्याने सुई किती खाली गेली ते लिहून ठेवले. २००३ साली अमेरिकेतील, ब्राझीलमधील आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी ती नोंद काढून अभ्यासली, तेव्हा क्षैतिज चुंबकक्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले होते असे दिसून आले. आज आकाशात उपग्रह आहेत, जमिनीवर विजेची जाळी आहेत. असे वादळ पुन्हा आले तर काय होईल ह्याचा अंदाज बांधताना जगभर ह्या कुलाब्याच्या नोंदीकडे बोट दाखविले जाते. नोंद लिहिणारा आणि तिचा खरा वाचक ह्यांच्यामध्ये १४४ वर्षांचे अंतर होते! अहवाल कोणासाठी लिहायचा, ह्याचे ह्याहून बोलके उत्तर मला ठाऊक नाही.

आता रोह्याकडे वळतो. चिंतामणराव देशमुख ह्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. पण घराणे रोह्याचे, आणि कुंडलिकेच्या काठचे रोहे त्यांनी शेवटपर्यंत आपले मानले. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली, हे पुष्कळांना माहीत असते. केंब्रिजला ते सृष्टिविज्ञानाचे विद्यार्थी होते आणि १९१७ साली वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक त्यांनी पटकावले, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. म्हणजे प्रयोगशाळेचे टेबल त्यांनी जवळून पाहिले होते. पुढे आय. सी. एस., १९४३ पासून १९४९ पर्यंत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री, अशी त्यांची वाट गेली. १९५६ च्या जुलैत मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, तो इतिहास महाराष्ट्राच्या काळजावर कोरलेला आहे. पण त्याच वर्षी त्यांनी विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले, ह्या गोष्टीकडे त्या गदारोळात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या होत्या, तो गृहस्थ तिजोरीपुढे हात पसरणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसला!

ह्या मंडळाचा कायदा १९५६ च्या मार्चमध्ये झाला, तेव्हा देशमुख अर्थमंत्री होते. त्या कायद्याचे अठरावे कलम असे आहे की, मंडळाने दरवर्षी आदल्या वर्षातील आपल्या कामाचा खरा आणि पूर्ण वृत्तान्त देणारा अहवाल तयार करावा, तो केंद्र सरकारकडे पाठवावा, आणि सरकारने तो संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा. पुढचे एकोणिसावे कलम हिशोब आणि लेखातपासणी ह्यांचे आहे. म्हणजे कायद्याने दोन गोष्टी अलग ठेवल्या: वृत्तान्त निराळा, हिशोब निराळा. ‘खरा’ आणि ‘पूर्ण’ ही दोन विशेषणे हिशोबाला नव्हे, वृत्तान्ताला लावली आहेत. अर्थमंत्री असताना ज्या राज्ययंत्रातून हा कायदा गेला, त्याच कायद्याखाली वर्षाचा जाब देण्याची पाळी आता देशमुखांवर आली होती.

विलायतेत असेच मंडळ १९१९ पासून होते. आपले नाव आणि बरीचशी कल्पना तिकडूनच आली. पण तिकडची रीत विश्वासाची होती. पाच-पाच वर्षांची रक्कम एकदम ठरे, आणि तिथल्या सरकारी महालेखापरीक्षकाला विद्यापीठांच्या वह्या पाहण्याचा अधिकार १९६८ पर्यंत नव्हता. अमेरिकेतली रीत दुसऱ्या टोकाची. तेथील संघराज्य सरकारने १९५० साली राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान स्थापन केले. ते विद्यापीठाला ठोक रक्कम देत बसत नाही. एकेका संशोधकाच्या एकेका प्रकल्पाला पैसा देते आणि प्रत्येकाकडून दरसाल प्रगतीचा अहवाल घेते, तोही चालू वर्ष संपण्याच्या ९० दिवस आधी. आपण ह्या दोहोंच्या मध्ये उभे राहिलो. पैसा वाटणाऱ्या मंडळाला संसदेपुढे उभे केले, आणि पैसा घेणाऱ्या विद्यापीठांना मंडळापुढे. मंडळाची शिफारस न मानणाऱ्या विद्यापीठाचे अनुदान रोखण्याचा अधिकारही कायद्यात आहे. साखळी पक्की झाली. प्रश्न उरला तो साखळीतून काय वाहते हा.

तो प्रश्न आजच्या व्यवहारात कसा उभा राहतो, ते पाहू. समजा, पेणच्या एखाद्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकाबाईंनी खारजमिनीतील क्षारांचा अभ्यास हाती घेतला. विषय घरचाच आहे. खाडीचे पाणी भातशेतीत शिरते म्हणजे काय होते, हे पेणच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. मंजुरीचे पत्र येते. त्यात रकमेची खाती ठरलेली असतात: उपकरणे, रसायने, पुस्तके, प्रवास, सहायकाचे वेतन, किरकोळ. पहिला हप्ता जमा होतो. वर्ष संपले की दोन कागद जायचे. एक प्रगती-अहवाल: काय करायचे ठरले होते, काय झाले, काय राहिले, पुढे काय करणार. दुसरे उपयोगिता प्रमाणपत्र: मिळालेली रक्कम ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी खर्च झाली, इतकी शिल्लक आहे, इतके व्याज पडले. २०१७ च्या केंद्रीय वित्तीय नियमांत ह्या प्रमाणपत्राचा नमुना ठरवून दिलेला आहे आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत ते द्यावे लागते. ते पोचले नाही, तर पुढचा हप्ता अडतो.

आता समजा, त्या वर्षी उधाणाच्या भरतीने बांध फुटला आणि बाईंचे निवडलेले चारपैकी तीन तुकडे पाण्याखाली गेले. अहवालात काय लिहावे? हिशोबाच्या कागदाला ह्या प्रश्नाशी कर्तव्य नाही. रसायने घेतली, पावत्या आहेत, सनदी लेखापालाची सही आहे. तो कागद निर्दोष जातो. ओझे पडते ते पहिल्या कागदावर. तेथे ‘काम समाधानकारकपणे प्रगतिपथावर आहे’ असे एक वाक्य लिहिले की सगळे सुखी! बाईंचा हप्ता सुटतो, प्राचार्यांची काळजी मिटते, दिल्लीतल्या कारकुनाचे टिपण पुरे होते. बुडतो फक्त एक माणूस: दहा वर्षांनी हाच अभ्यास करू पाहणारा पुढचा संशोधक. बांध कोणत्या महिन्यात फुटला, खारे पाणी किती दिवस उभे राहिले, ते ओसरल्यावर क्षार किती वाढले, आणि तो वाचलेला चौथा तुकडा का वाचला, हे त्याला हवे होते. कदाचित साऱ्या वर्षाची खरी कमाई तीच होती. पण ती अपयशाच्या खात्यात पडली म्हणून कोणी लिहिली नाही.

येथे दोष एकट्या लिहिणाऱ्याचा नाही. देणारा फक्त पावती मागतो आणि वृत्तान्त वाचीत नाही, तर घेणारा पावतीच नीट ठेवणार, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. अडचण लिहिली तर हप्ता जातो असे एकदा कोणाच्या अनुभवाला आले की, मागून येणारे दहाजण अडचण लिहायचे सोडून देतात. एकोणिसावे कलम दरवर्षी जागे असते, कारण त्याच्या पाठीशी लेखातपासनीस उभा आहे. अठराव्या कलमाच्या पाठीशी कोण उभा आहे? त्यातील ‘खरा’ आणि ‘पूर्ण’ ह्या शब्दांना वाचकावाचून दुसरा पहारेकरी नाही.

कोणी म्हणेल, मग भांडारकरांसारखे तीन-तीन वर्षांचे अहवाल एकत्र उशिराने द्यावेत काय? नाही. वेळेवर हिशोब देणे हे पैसे देणाऱ्याचे देणे आहे, ते फेडलेच पाहिजे; सार्वजनिक पैशाच्या बाबतीत ढिलाई म्हणजे चोरीला उघडे दार. पण वेळ पाळली म्हणून दुसरे देणे फिटत नाही. ते दुसरे देणे अद्याप न जन्मलेल्या वाचकाचे आहे. मूस ह्यांनी दोन वर्षे दोन वेधशाळा चालविल्या त्या त्याच्यासाठी. भांडारकरांनी पोथीच्या शेवटच्या पानावरचा काळ उतरवून घेतला तो त्याच्यासाठी. १८५९ च्या त्या दिवशी कुलाब्याच्या अनामिक निरीक्षकाने घसरलेला आकडा न खोडता लिहिला, तोही त्याच्यासाठीच. आकडा अविश्वसनीय वाटून त्याने तो सुधारून घेतला असता, तर त्या दिवशी कोणी त्याला दोष दिला नसता; आणि आज जगाजवळ ती नोंद नसती.

संशोधनाला पैसा देणारी केंद्रीय मंडळे आज अनेक आहेत. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान नावाचे एक नवे मंडळही उभे राहिले आहे. नमुने बदलतील, मुदती बदलतील, कागदाच्या जागी पडदा आला आहेच. आपण नागरिकांनी एवढेच करावे. आपल्या गावच्या महाविद्यालयात अनुदान आले अशी बातमी वाचली की रकमेचा आकडा पाहून टाळ्या वाजवून थांबू नये. वर्षाने जाऊन आपुलकीने विचारावे की, काय शोधलेत, आणि काय सापडले नाही? सापडले नाही हे सांगणाऱ्याला कमी लेखू नये. पेणचा शेतकरी बांध फुटल्याचे लपवीत नाही. तो गाव गोळा करतो. विद्येचा बांध फुटला तर तेही मोकळेपणाने सांगता यावे, इतका विश्वास समाजाने संशोधकाला दिला, तर अठराव्या कलमातील त्या दोन विशेषणांना अर्थ राहील. रोह्याच्या चिंतामणरावांनी ज्या मंडळाचा भार वाहिला, त्याचे ऋण फेडण्याची ह्याहून बरी रीत आपल्या हाती नाही.